शेअर दिला म्हणजे भागीदारी झाली का?

“व्हेंचर कॅपिटल म्हणजे आजच्या काळातला मुदारबाच. बँकेच्या दारात जाऊ नका, व्याज हराम आहे. गुंतवणूकदार शोधा. तो नफ्यातही तुमचा साथीदार आणि नुकसानीतही.” हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती व्यासपीठांवरून ऐकलं याची मोजदाद आता सोडून दिली आहे. शिक्षणसंस्थेचं सभागृह, समोर नुकतीच इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. झालेली पोरं, पाठीमागे पडद्यावर मोठमोठे आकडे, आणि वक्त्याने हे वाक्य उच्चारलं की टाळ्या. धर्मही सांभाळला गेला आणि धंदाही. यापेक्षा आणखी काय हवं?

मला त्या वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल भांडायचं आहे. “नुकसानीतही साथीदार.” हे म्हणणाऱ्या एकाही वक्त्याने टर्म शीट नावाचा कागद वाचलेला नसावा. आणि वाचून हे म्हणत असेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे.

मी तो कागद वाचला. हौस म्हणून नाही. आयुष्य लोकांच्या वह्या आणि ताळेबंद लिहिण्यात गेलं, म्हणून माझ्या भाच्याने तो माझ्यासमोर आणून ठेवला. मिरजेत बहिणीच्या सासरी ट्रकचा धंदा आहे. माल उतरवून परत येताना गाडी रिकामी येते, डिझेल मात्र तेवढंच जळतं. पोराने हे लहानपणापासून पाहिलेलं. त्याने मित्राबरोबर एक अ‍ॅप केलं. सांगलीची हळद हैदराबादला उतरवलेल्या गाडीला परतीचं भाडं तिथल्या तिथे मिळावं, ही त्यामागची कल्पना. बापाने एक गाडी विकली, बहिणीने बांगड्या मोडल्या, मित्राच्या घरून काही आले, असे मिळून तीस लाख या धंद्यात गेले. धंदा चालला. मग मुंबईच्या एका फंडाने चार कोटी देऊ केले.

घरात पेढे वाटले गेले. “मामू, कंपनीचं व्हॅल्युएशन वीस कोटी झालं,” असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा बहीण मागून रडत होती. वीस कोटी म्हणजे काय, हे तिला कळायचं कारण नव्हतं. माझी तक्रार ही आहे की ते तिच्या मुलालाही कळलं नव्हतं.

आधी तो हिशेब. फंड चार कोटी देणार आणि वीस टक्के घेणार. म्हणून पैसे आल्यानंतरची कंपनीची किंमत वीस कोटी आणि पैसे येण्याआधीची सोळा कोटी. इथपर्यंत शाळेतलं गणित. पण कागदात एक ओळ होती: पुढे येणाऱ्या नोकरदारांसाठी दहा टक्के शेअर बाजूला काढायचे, आणि ते गुंतवणुकीच्या आधीच्या भांडवलातून. म्हणजे ते दहा टक्के फंडाच्या वाट्यातून जात नाहीत, दोन पोरांच्या वाट्यातून जातात. वीस कोटींचे दहा टक्के म्हणजे दोन कोटी. सोळातले दोन गेले, पोरांच्या धंद्याची खरी लावलेली किंमत चौदा कोटी. पेढे सोळाचे वाटले, भाव चौदाचा मिळाला. यात फसवणूक नाही, सगळं कागदावर लिहिलेलं आहे. फक्त ते व्हॅल्युएशनच्या रकान्यात लिहिलेलं नाही.

हे तरी किरकोळ. खरी गोष्ट पुढच्या पानावर होती.

फंडाला मिळणारे शेअर आणि या पोरांचे शेअर एक जातीचे नसतात. पोरांकडे साधे शेअर. फंडाकडे प्रेफरन्स शेअर. आपल्याकडे बहुतेक वेळा सक्तीने रूपांतर होणारे, ज्यांना सगळे सी.सी.पी.एस. म्हणतात. त्यांच्या पोटात एक कलम असतं, लिक्विडेशन प्रेफरन्स. कंपनी विकली गेली किंवा गुंडाळली गेली तर येणाऱ्या पैशातून आधी यांनी आपली रक्कम उचलायची, उरलं तर बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. याचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात फंडाने एक तर आपले चार कोटी उचलायचे किंवा आपला वीस टक्के वाटा घ्यायचा. दोन्हीपैकी जे जास्त असेल ते, पण एकच. दुसऱ्या प्रकारात आधी चार कोटी उचलायचे आणि वर उरलेल्यातही वीस टक्के घ्यायचे. याला पार्टिसिपेटिंग म्हणतात. भाच्याच्या कागदात हा दुसरा प्रकार होता.

आकडे घालून पाहा. कंपनी दहा कोटींना विकली गेली. फंड आधी चार उचलणार, उरलेल्या सहाचे वीस टक्के म्हणजे एक कोटी वीस लाख आणखी. एकूण पाच कोटी वीस लाख. कागदावर वीस टक्क्यांचा भागीदार, हातात बावन्न टक्के. पाच कोटींनाच विकली गेली तर चार कोटी वीस लाख त्यांचे, आणि गाडी विकणारा बाप, बांगड्या मोडणारी आई, ती दोन पोरं आणि सगळे नोकरदार मिळून ऐंशी लाखांत. पहिल्या प्रकाराचं कलम असतं तर दहा कोटींच्या विक्रीत फंडाने चार घेतले असते आणि सहा इकडे राहिले असते. “पार्टिसिपेटिंग” या एका शब्दाची किंमत एक कोटी वीस लाख. हा शब्द भाच्याने वाचला होता. त्याचा अर्थ त्याला “फंड कंपनीच्या कामकाजात सहभाग घेणार” असा वाटला होता! इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा आहे.

आता धंदा बुडाल्याची कल्पना करा. तीस लाख घरचे, चार कोटी फंडाचे, एकूण चार कोटी तीस लाख. समजा शेवटी हाती आले दोन कोटी पंधरा लाख, बरोबर निम्मे. ज्याला फिकहमध्ये मुशारका म्हणतात, म्हणजे दोघांनी भांडवल घालून केलेली भागीदारी, तिचा नियम स्पष्ट आहे: नफ्याचं प्रमाण आपसात ठरवा, पण नुकसान भांडवलाच्या प्रमाणातच सोसावं लागेल. निम्मं बुडालं तर दोघांचंही निम्मं बुडालं. फंडाला दोन कोटी, घरच्यांना पंधरा लाख. प्रेफरन्स शेअरच्या नियमाने मात्र दोन कोटी पंधरा लाख सगळे फंडाचे. गाडीही गेली, बांगड्याही गेल्या. सांगा, नुकसानीत कोण कोणाचा साथीदार?

यावर एक जाणता माणूस मला म्हणाला, “पण मुदारब्यातही आधी मूळ भांडवल परत करावं लागतं, त्यानंतर जे उरतं त्यालाच नफा म्हणतात.” बरोबर आहे, आणि ही बाजू मी दडवणार नाही. मुदारब्यात एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. पैसेवाल्याचं भांडवल भरून निघेपर्यंत मेहनत करणाऱ्याला नफा नाही. आणि भांडवल बुडालं तर ते पैसेवाल्याचंच बुडालं, मेहनत करणाऱ्याची मेहनत बुडाली. एकपट, एकदाच उचलायचं कलम या रचनेच्या बरंच जवळ जातं. त्याला व्यवहारातलं कारणही आहे. फंडाने आज चार कोटी भरले आणि उद्या सकाळी पोरांनी कंपनी बंद करून बँकेतला पैसा शेअरच्या प्रमाणात वाटून घेतला, तर ऐंशी टक्क्यांच्या हिशेबाने तीन कोटी वीस लाख इकडचे लोक खिशात घालून मोकळे. हे होऊ नये म्हणून गुंतवणूकदाराने आधी आपलं मूळ मागणं रास्त आहे. मी फंडाच्या जागी असतो तर मीही मागितलं असतं.

पण मुदारब्याची ही बाजू सांगणाऱ्यांनी त्याच्या बाकीच्या अटीही मान्य कराव्यात. मेहनत करणाऱ्याने स्वतःचं भांडवल घातलं की तो शुद्ध मुदारबा राहत नाही. मूळ रकमेच्या दुप्पट आधी उचलायचं कलम मुदारब्यात बसत नाही. मूळही घ्या आणि वर बाकीच्यांच्या आधी ठरलेला वार्षिक परतावाही घ्या, हेही बसत नाही. आणि फिकहच्या संस्थांनी या विषयावर मौन पाळलेलं नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ सालीच, जेद्दाहच्या अधिवेशनात, भांडवलाची किंवा ठराविक नफ्याची हमी देणारे, अथवा विसर्जनाच्या वेळी अग्रक्रम देणारे प्रेफरन्स शेअर नाजायज ठरवले. बहारीनच्या अवफी या संस्थेचं शरिया मानक क्रमांक २१ हेच सांगतं: मतदानासारख्या प्रशासकीय बाबतीत कुणाला जास्त हक्क द्यायचे तर द्या, पैशाच्या वाटपात अग्रक्रम देऊ नका. मी मुफ्ती नाही, एकपट कलमाबद्दल माझं मत वर सांगितलं तेवढं मवाळ आहे. पण ज्यांना फतव्यांची सनद दाखवून टाळ्या घ्यायच्या आहेत त्यांनी सनद पूर्ण वाचून दाखवावी.

गंमत पाहा, जो प्रश्न आमच्या मेळाव्यांत कुणाला पडत नाही तो रिझर्व्ह बँकेला पडला. परदेशी पैसा शेअरच्या नावाने येतो आणि वागतो मात्र कर्जासारखा, हे तिथे ओळखलं गेलं. म्हणून २००७पासून सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअरच भांडवल मानले जातात, बाकीचे कर्जात मोजले जातात. २०१४मध्ये तर नियमच झाला की परदेशी गुंतवणूकदाराला बाहेर पडताना ठराविक परताव्याची हमी देता येणार नाही. भांडवल म्हणायचं तर जोखीम घ्या, हमी हवी तर कर्ज म्हणा! हे रिझर्व्ह बँकेने म्हणायचं आणि आम्ही मात्र सुटाबुटातल्या वक्त्यासाठी टाळ्या वाजवायच्या.

देशी फंडाला मात्र परकीय चलनाचा तो नियम लागू नाही. आणि इथे मी भाच्याच्या कागदातल्या सगळ्यात वाईट कलमाकडे येतो. पाच वर्षांत कंपनी विकली गेली नाही किंवा शेअर बाजारात गेली नाही, तर फंडाचे शेअर कंपनीने “किंवा प्रवर्तकांनी” परत विकत घ्यायचे, वर्षाला अठरा टक्के परतावा धरून. चार कोटींवर अठरा टक्के चक्रवाढीने पाच वर्षांत होतात सुमारे नऊ कोटी पंधरा लाख. कंपनीला आपलेच शेअर विकत घ्यायला कंपनी कायद्याच्या कलम ६८ने मर्यादा घातली आहे, भांडवल आणि मोकळ्या राखीव निधीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच. म्हणूनच तिथे प्रवर्तकांचं नाव हळूच घातलेलं असतं. प्रवर्तक कोण? सव्वीस वर्षांचा माझा भाचा आणि त्याचा मित्र. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, दर ठरलेला, फेडणारा ठरलेला. याला आमच्या मोहल्ल्यातली कुठलीही म्हातारी एका शब्दात काय म्हणेल ते सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेचं गाडीचं कर्ज यापेक्षा स्वस्त पडलं असतं. आणि ते हराम म्हणून टाळल्याचं पुण्य पदरात धरून पोरगा हे घ्यायला निघाला होता.

“हे सगळं कागदावर असतं, प्रत्यक्षात कुणी वापरत नाही,” हे आणखी एक वाक्य. ट्रॅडोस नावाची भाषांतराचं सॉफ्टवेअर करणारी अमेरिकी कंपनी होती. २००५ साली ती एस.डी.एल. कंपनीला सहा कोटी डॉलरना विकली गेली. फंडांच्या प्रेफरन्स शेअरचा पहिला हक्क होता पाच कोटी एकोणऐंशी लाखांचा. विक्री पार पाडणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी अठ्ठ्याहत्तर लाखांची बक्षिसी संचालक मंडळाने आधीच मंजूर करून ठेवली होती. ती वजा जाता राहिलेले पाच कोटी बावीस लाख प्रेफरन्सवाल्यांना गेले. साधे शेअर असणाऱ्यांना शून्य. एक भागधारक कोर्टात गेला. डेलावेअरच्या न्यायालयाने २०१३मध्ये निकाल देताना संचालक मंडळाच्या वागण्यावर ताशेरे मारले, आणि तरीही शून्य हीच रास्त किंमत ठरवली. कारण प्रेफरन्सचा डोंगर बाजूला केल्यावर साध्या शेअरला काही किंमतच उरत नव्हती. कायद्याच्या दृष्टीने निकालात चूक शोधणं कठीण आहे. सही केलेला कागद तसाच होता.

गुड टेक्नॉलॉजीचं उदाहरण नोकरदारांसाठी सांगतो, कारण आपली कितीतरी मुलं पुण्या-बंगळुरात पगाराऐवजी शेअर घेऊन खुश आहेत. एके काळी एक अब्ज डॉलरच्या वर किंमत सांगितली गेलेली ही कंपनी २०१५ साली ब्लॅकबेरीने साडेबेचाळीस कोटी डॉलरना घेतली. प्रेफरन्स शेअरला तीन डॉलरच्या वर मिळाले. कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरची किंमत, जी वर्षभरापूर्वी चार डॉलरच्या वर सांगितली जात होती, ती निघाली चव्वेचाळीस सेंट. काहींनी आधीच्या चढ्या किमतीवर करही भरला होता.

फंडवाल्यांना खलनायक करण्यात मला रस नाही. त्यांचा धंदाच असा आहे की दहातले बहुतेक पैसे बुडणार आणि एक-दोन ठिकाणी इतके यायला हवेत की बाकीचं भरून निघावं. त्यांच्यामागेही पैसे देणारे असतात, फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते, हिशेब द्यावा लागतो. सावकारही आपल्या जागी बरोबरच असतो म्हणा. एक बारीक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फंड चालवणारा स्वतः दुसऱ्यांचा पैसा फिरवतो, म्हणजे मुदारिब तोच. तो नफ्यात साधारण वीस टक्के घेतो आणि वर दरसाल दोन टक्क्यांच्या आसपास फी घेतो, नफा होवो न होवो. फिकहच्या जुन्या पुस्तकांतला मुदारिब प्रवासातल्या खर्चावर वाद घालत बसायचा, तो हे वाचून चकित झाला असता.

माझा राग आपल्या माणसांवर आहे. हलाल हा शब्द ऐकला की कागद वाचायचं सोडून देण्याची आपल्याला सवय लागली आहे. २०१९मध्ये बेंगळुरूची आय.एम.ए. बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत गेली. तिथेही ठेवीदार हा शब्द नव्हता. लोकांना कागदोपत्री भागीदार करून घेतलं होतं आणि परताव्याला नफा म्हटलं जात होतं. नाव बदललं की वस्तू बदलते, असं मानणाऱ्या समाजाला कोणीही काहीही विकू शकतो. तिथे पैसे लावणारे फसले, इथे पैसे घेणारे फसतील, एवढाच फरक. आणि आपल्यातला पैसेवाला वर्ग? त्याचा पैसा कोंढव्यातल्या, मुंब्र्यातल्या फ्लॅटमध्ये आणि लग्नाच्या हॉलमध्ये आहे. मुदारब्यावर भाषण ठेवायला तो देणगी देतो. मिरजेच्या पोराला दहा लाख साध्या शेअरवर, बुडाले तर बुडाले म्हणून, देणारा मला त्या सभागृहात एकही भेटला नाही. मी विचारून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

पोरांना मात्र सांगण्यासारखं आहे. टर्म शीटवर सही करेपर्यंतच तुमच्या शब्दाला वजन असतं. सही झाली की काही आठवडे दुसऱ्या कुणाशी बोलायलाही बंदी येते, तोवर गल्ल्यातला पैसा संपत आलेला असतो, आणि मग मोठ्या करारात काय घालतील ते घालतील. “टर्म शीट बंधनकारक नसते” हे अर्धसत्य आहे. गुप्ततेचं आणि दुसरीकडे न जाण्याचं कलम बंधनकारकच असतं. वकील स्वतःचा करा. फंडाच्या वकिलाचं बिल बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या खात्यातून जातं, पण म्हणून तो तुमचा होत नाही. व्हॅल्युएशन दोन कोटींनी कमी घ्या, पण एकपटीच्या वर जाऊ नका, पार्टिसिपेटिंग खोडा, आणि प्रवर्तकाने स्वतःच्या खिशातून शेअर परत घ्यायचं कलम असेल तर उठून या. पुढच्या फेरीत भाव पडला तर आधीच्या फंडाला किती शेअर जास्त द्यावे लागतील, तेही विचारा. पूर्ण भरपाईचं कलम असेल तर तुमचा वाटा वितळून जातो. आणि ज्या धंद्यात महिन्याला रोख पैसा हातात येतो त्याला हा पैसा खरंच हवा आहे का, हे आधी घरी बसून मोजा.

भाच्याला मी एवढंच म्हणालो की हा कागद अब्बांना मराठीत समजावून सांग, आणि मग त्यांनी हो म्हटलं तर सही कर. त्याने रविवारी बसून सांगितला. दाजी ट्रकवाले माणूस, अठरा टक्क्यांशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि विचारलं, “फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते, हे काय नेणार?” पोराला उत्तर सुचलं नाही.

सोमवारी त्याने तीन कलमांवर रेघ मारून कागद मुंबईला परत पाठवला. मधल्या काळात अ‍ॅपवरून भाडी जमवण्याचं कमिशन दोन टक्क्यांवरून अडीच केलं आहे, त्यात पगार भागतात. फंडाकडून अजून फोन आलेला नाही. बहीण मला रोज विचारते.